मंदीच्या दिवसांत घरून बेकिंगचा धंदा सुरू करू का?

रेवती_वाकड | २९ नोव्हेंबर २०२५, रात्री ११.१०

नमस्कार. इथे वाचते नेहमी, लिहायची वेळ पहिल्यांदाच आलीय.

आम्ही पुण्याजवळ वाकडला राहतो. मिस्टर आयटीत होते. सप्टेंबरात त्यांचं प्रोजेक्ट बंद झालं, काही आठवडे बेंचवर, म्हणजे काम न देता, ठेवलं आणि दिवाळी झाल्यावर राजीनामा मागून घेतला. तीन महिन्यांचा पगार मिळालाय. मुलाखती चालू आहेत, पण जिथे थोडंफार जमतंय तिथे पगार पूर्वीच्या निम्मा सांगतात आणि बाकीकडून उत्तरच येत नाही. फ्लॅटचा हप्ता ३८ हजार, मुलगी चौथीत. मी लग्नाआधी शाळेत शिकवायचे, मुलगी झाल्यावर सोडलं.

माझा हात बेकिंगला चांगला आहे, हे लोकांचं मत. घरातल्या सगळ्या वाढदिवसांचे केक मीच करते. दिवाळीत नानकटाई केली की शेजारच्या काकू डबा रिकामा करून परत पाठवतात आणि "अजून आहे का?" विचारतात. घरात २८ लिटरचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आहे. आता मनात आहे की साठेक हजार घालून नीट सुरू करावं: मोठा ओटीजी, स्टँड मिक्सर, क्रीमच्या केकसाठी वेगळा फ्रिज आणि एक फोंडंटचा (साखरेच्या लगद्याने केक सजवायचा) कोर्स.

पण झोप लागत नाही. आजूबाजूला सगळेच हात आखडून बसलेत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आधीच सहा-सातजणी केक करतात. सासूबाई म्हणतात, "पडत्या बाजारात दुकान मांडू नये." मिस्टर म्हणतात, कर. मला दोघांचंही पटतं. ज्यांनी हे केलंय त्यांनी खरं काय ते सांगा.

मीनल_डी | ३० नोव्हेंबर, सकाळी ८.०५

स्पष्ट लिहिते, राग मानू नका. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आमच्या इमारतीत दर मजल्यावर एक होम बेकर होती. ऑफिसं सुरू झाली आणि एकेक बंद पडली. ओटीजी, नोझलचे संच, टर्नटेबल सगळं ग्रुपवर निम्म्या किमतीत विकायला आलं. साठ हजार तुमच्यासाठी दीड हप्ता आहे. तो बँकेत असू द्या.

भोसरीची_माई | ३० नोव्हेंबर, दुपारी ३.४०

रेवती, तुला अगं-तुगं करते, माझ्या धाकट्या जावेच्या वयाची असशील. मीनल म्हणतात ते पैशाबद्दल अगदी बरोबर आहे. पण "करू नको" असं मी म्हणणार नाही, कारण मी स्वतः मंदीतच सुरू केलं आणि आज घराचा किराणा आणि धाकट्याची फी त्यातून निघते. सविस्तर लिहिते, सावकाश वाच.

२०१९ चा पावसाळा आठव. तुमच्याकडे तेव्हा बरं चाललेलं असणार. इकडे भोसरी-चाकण पट्ट्यात गाड्यांचा धंदा बसला होता. त्या ऑगस्टमध्ये देशभरातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त घसरली. मोठ्या कारखान्यांनी ब्लॉक क्लोजर घेतलं, म्हणजे काही दिवस उत्पादन बंद ठेवलं, की इकडच्या छोट्या शॉपमधली सीएनसी मशिनंही थांबायची. आमचे हे अशाच एका शॉपमध्ये सेटर होते, मशिन कामासाठी लावून द्यायचे. आधी ओव्हरटाइम गेला, मग आठवड्यात चारच दिवस काम, मग "बोलावू तेव्हा या." गल्लीत ज्याच्या त्याच्या घरी हीच परिस्थिती. त्या गल्लीत मी नानकटाई आणि साधा रवा केक विकायला लागले.

आणि माल खपला. त्याचं कारण मला पुढे हळूहळू कळलं. पैसा आखडला की लोक मोठे खर्च रद्द करतात: हॉटेल, सहल, दोन किलोचा डिझायनर केक. पण घरी चार वाजता चहा होतोच. पाहुणा येतोच. पोराच्या डब्यात छोट्या सुट्टीसाठी काहीतरी घालावं लागतंच. वाढदिवसही होतो, फक्त केक अर्ध्या किलोवर येतो. म्हणजे हजार-दोन हजाराचं गिऱ्हाईक आटतं, पण दीडशे रुपयांचं गिऱ्हाईक टिकतं आणि दर आठवड्याला परत येतं. तुझ्या त्या सहा-सातजणी सगळ्या हजार-दोन हजाराच्या मागे आहेत. तू दीडशेवालं धर. फोंडंटचा कोर्स आत्ता नको, फ्रिज तर अजिबात नको.

आता हिशेब. हा मी प्रत्येक नव्या मुलीला करायला लावते, कारण बहुतेकजणी मालाचे पैसे धरतात आणि स्वतःचा वेळ फुकट धरतात. मी माझा तास शंभर रुपयांना धरते. पोळ्या करायला येणाऱ्या मावशी याहून कमी घेत नाहीत आणि घेऊही नयेत.

एक किलो साजूक तुपातली नानकटाई घे. तीनशे ग्रॅम तूप, आजच्या भावाने साधारण दोनशे रुपये. मैदा, बेसन, थोडा रवा, पिठीसाखर, वेलदोडा मिळून पन्नास. तुझ्या छोट्या ओटीजीत दोन-तीन ट्रे होतील, वीस रुपयांची वीज धर. पाव किलोचे चार डबे आणि लेबलं, चाळीस. झाले ३१०. तुझा दीड तास, १५०. एकूण ४६०. पाव किलो १६० ला विकलीस तर किलोचे ६४० येतात. तुझी मजुरी धरून वर १८० उरले. फुटलेल्या, चवीला दिलेल्या, पोचवायचं पेट्रोल हे त्यातून जाईल, तरी हातात काही राहील.

आता अर्ध्या किलोचा क्रीमचा चॉकलेट केक, ४५० ला. माल १७०, बोर्ड आणि खोका ३०, वीज १२. सगळे म्हणतात, "अडीचशे सुटले की!" पण गिऱ्हाइकाने पाठवलेले फोटो बघणं, रंग ठरवणं, बेस, थंड करणं, आयसिंग, नाव लिहिणं, तेलकट-क्रीमकट भांडी, मिळून अडीच तास कुठेच गेले नाहीत. २५० त्याचे. म्हणजे ४६२ खर्च करून ४५० ला विकलास. आणि वाटेत स्पीडब्रेकरवर केक सरकला तर सगळंच गेलं. मी क्रीमचा केक करतच नाही असं नाही. ओळखीच्या घरी, महिन्यात मोजके, आणि निम्मे पैसे आधी घेऊन. पण त्याच्यावर घर चालवायचा विचार मंदीत करू नये.

चॉकलेटबद्दल आणखी एक. २०२४ च्या शेवटी कोको जगाच्या बाजारात टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला होता. नंतर उतरला, पण किरकोळ बाजारात कोको पावडर घ्यायला गेलीस की दर दुकानी वेगळा भाव ऐकशील. ज्या मालाचा भाव असा उड्या मारतो त्याच्यावर पहिलं वर्ष उभं करू नकोस. तूप, मैदा, गूळ, नाचणी यांचे भाव तुला पाठ असतात, फार हलत नाहीत. सप्टेंबरपासून लोणी-तुपावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, तेवढा आधार आहे.

नवं यंत्र घेण्याआधी आहे तो ओटीजी ओळखून घे. प्रत्येक ओटीजी कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात जास्त तापतो. ट्रेभर ब्रेडच्या स्लाइस मांड, १८० वर सहा-सात मिनिटं ठेव आणि बघ कुठली आधी लाल होते. माझ्यात मागची डावी बाजू तापते, म्हणून मी अर्ध्या वेळेला ट्रे फिरवते. डायलवर १८० लिहिलं म्हणजे आत १८० असेलच असं नाही, त्यासाठी आत ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो, तो घे. रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला डबे, मोल्ड, बटर पेपर सगळं घाऊक मिळतं, सकाळच्या वेळी जा.

तू शेजारच्या काकूंसाठी करतेस ती नानकटाई आणि विकायची नानकटाई यात फरक एवढाच की विकायची दर वेळी तशीच झाली पाहिजे. त्यामुळे वाटी-चमचा सोड, काट्यावर मोज. तूप रवाळ, घट्ट हवं, वितळलेलं नको. परातीत पिठीसाखर घालून तळहाताने फेस, पिवळट रंग जाऊन पांढरं आणि हलकं होईपर्यंत. आता थंडीत तूप कडक असतं, हाताला वेळ लागेल. मे महिन्यात उलटं होतं, तेव्हा तूप आणि मळलेला गोळा थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावा लागतो, नाहीतर ट्रेवर पसरून चपटी होते. काढल्या काढल्या ती मऊच लागते. घाबरून परत आत ढकलू नकोस. ट्रेवरच दहा मिनिटं राहू दे, मग उचल. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करायचा नाही, वाफ धरली की दुसऱ्या दिवशी मऊ पडते आणि गिऱ्हाईक काही न बोलता तुटतं.

उधारी. हे सगळ्यात अवघड, कारण मंदीत मागणारेही खरोखरच अडलेले असतात. आमच्या गल्लीत शॉप बंद असलेल्या घरांना मी उधार दिलं, आणि देईनही. पण त्यासाठी वहीत वेगळं पान, आणि महिन्याच्या विक्रीच्या दहा टक्क्यांवर उधारी नाही. ती हद्द झाली की "ताई, पुढच्या महिन्यात" असं हसून सांगायचं. पैसे ठेवायला वेगळं खातं किंवा निदान वेगळा डबा. घरखर्चातून मैदा आणि धंद्यातून दूध असं सुरू झालं की काही कळत नाही.

आणि ते साठ हजार. त्यातले दहा हजारांच्या आत सुरुवात कर, उरलेल्याला हात लावू नकोस. मोठा ओटीजी तेव्हा घे जेव्हा छोट्यात ऑर्डर मावत नाहीत म्हणून परत पाठवाव्या लागतील. तोही मीनल म्हणतात तसा कुणाचा तरी वापरलेला मिळेल.

कऱ्हाडचा_भट्टीवाला | ३० नोव्हेंबर, रात्री ९.२५

माईंचं सगळं पटलं. आमची कऱ्हाडला बेकरी आहे, आजोबांपासून. पाव, खारी, टोस्ट, बटर. मोठ्या ओटीजीवरून एक सुचवतो.

दिवाळीच्या आधी आमच्याकडे बाया रवा-मैदा, तूप, पिठीसाखर घरून घेऊन येतात. माल त्यांचा, भट्टी आमची, किलोमागे भाजणावळ घेतो. पुष्कळ गावांत-शहरांत ही पद्धत अजून आहे. रेवतीताई, तुमच्या पट्ट्यात, थेरगाव-चिंचवडगाव-पिंपरीत जुन्या भट्टीच्या बेकऱ्या असतील तर जाऊन भेटा. दहा-पंधरा किलोची ऑर्डर आली तर मोठं यंत्र घेण्यापेक्षा भट्टीत भाजून आणणं परवडतं.

वेळ मात्र भट्टीवाल्याला विचारून जा. पहाटे भट्टी कडक असते, तेव्हा पाव जातो. पाव निघाल्यावर ती उतरायला लागते आणि त्या उतरत्या आचेवर नानकटाई, बिस्किटं, शेवटी टोस्ट वाळतो. नानकटाईला ती उतरती आचच लागते, वरून जळत नाही आणि आतून कच्ची राहत नाही. आमच्याकडे साडेदहा-अकरानंतर. मालकाला तेव्हा भट्टी रिकामी ठेवण्यापेक्षा चार पैसे मिळालेले बरेच वाटतात. मैदा, सरपण, मजुरी वाढली तरी पावाचा भाव रुपयाने वाढवायला आम्हाला दहा वेळा विचार करावा लागतो, म्हणून भाजणावळीचं उत्पन्न बेकरीलाही हवंच असतं. मुंबईत तर जानेवारीत हायकोर्टाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना गॅस किंवा विजेवर जायला सांगितल्यापासून सगळेच खर्चाची जुळवाजुळव करतायत.

पहिल्यांदा दोन किलोच न्या. भट्टीचा अंदाज प्रत्येक मालाला वेगळा असतो.

कर_सल्लागार_नाशिक | १ डिसेंबर, दुपारी १२.१५

कागदाचं थोडक्यात. घरून खाद्यपदार्थ विकायला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते, दुकान नसलं तरी. उलाढाल थोडी असेल तर साधी नोंदणी पुरते, फीही किरकोळ असते. त्यांच्याच फॉसकॉस पोर्टलवर स्वतः अर्ज करता येतो, फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. एजंट यासाठी हजारो मागतात, देऊ नका. १४ आकडी नंबर मिळेल, तो लेबलवर छापा. सोबत पदार्थाचं नाव, घटक, वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, किंमत.

अंडं घातलं असेल तर कायद्याने तो मांसाहारी पदार्थ धरतात, त्यावर तपकिरी त्रिकोणाची खूण हवी. बिनअंड्याच्या पदार्थावर हिरवा ठिपका. दोन्ही एकाच ओव्हनमध्ये करत असाल तर पाळणाऱ्या गिऱ्हाइकांना आधी सांगा.

उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) ऑनलाइन आणि मोफत आहे. फक्त माल विकणाऱ्याला राज्यात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, मात्र डिलिव्हरी ॲपवरून विकायचं ठरवलंत तर त्याचे नियम आधी विचारून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून केक, पेस्ट्री, बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय. म्हणजे दुकानातली पुड्याची बिस्किटं स्वस्त झाली. तुम्ही त्यांच्याशी भावात स्पर्धा करू नका, जमणार नाही.

पुढे वाढवायचं झालं तर २०२० मध्ये सुरू झालेली केंद्राची पीएमएफएमई (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची) योजना तेव्हा चालू आहे का ते बघा. कर्जाला जोडून प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान. राज्यात कृषी विभागामार्फत चालते. पण अनुदान मिळतं म्हणून कर्ज काढायचं, असं आत्ता करू नका. घरात दुसरं उत्पन्न चालू नसताना आणखी एक हप्ता अंगावर घेऊ नये.

रेवती_वाकड | २ डिसेंबर, रात्री १०.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. माई, तुमचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं घरात. सासूबाई म्हणाल्या, "दहा हजारांत असेल तर कर, वजन मी करून देते."

मिस्टरांनी तुमच्या पद्धतीने एक्सेल केलं. माझे आजवरचे ओळखीतले केक त्यात भरले आणि सगळेच लाल दिसले. एक तर मी ५५० ला दिला होता आणि त्यावर साखरेची फुलं करायला अख्खी दुपार गेली होती. फोंडंटचा कोर्स रद्द केला. ब्रेडची चाचणीही केली: आमचा ओटीजी पुढच्या उजव्या बाजूला जास्त लाल करतो, दाराची पट्टी सैल आहे बहुतेक.

ठरवलंय ते असं: साजूक तुपातली नानकटाई, नाचणीची बिस्किटं आणि गहू-गुळाचा साधा केक, तिन्ही बिनअंड्याचे. मार्गशीर्षातले गुरुवार चालू आहेत, अंडं नसलेलं काही आहे का असं दोघींनी आपणहून विचारलं. एफएसएसएआयचा अर्ज भरला.

आता अडलंय ते विक्रीपाशी. सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचं धाडस होत नाही, तिथल्या केकवाल्यांपैकी एक माझी मैत्रीण आहे. कोपऱ्यावर अमृततुल्य आहे, तिथे बरण्या ठेवाव्यात असं वाटतं. आणि नातेवाइकांना काय भाव लावू? मोठ्या नणंदेने दोन किलो सांगितलीय आणि "घरचंच आहे" म्हणाल्या.

भोसरीची_माई | ३ डिसेंबर, दुपारी २.२०

अमृततुल्यवर साजूक तुपातली नको. हिशेब करून बघ: किलोत तीस ग्रॅमच्या तेहतीस नानकटाया बसतात, म्हणजे एक वीस रुपयांच्या आसपास पडली. चहावाल्याला त्यात त्याचा वाटा हवा. टपरीवर उभं राहून चहा पिणारा माणूस क्रीमरोल-खारीच्या भावाची सवय झालेला असतो, तो पंचवीसची नानकटाई एकदा घेईल, रोज नाही. बरणी दिवसभर उघडझाप होते, मालही मऊ पडतो.

त्यापेक्षा तुमच्या भागात डबे करणाऱ्या किती बायका आहेत बघ. हिंजवडीत काम करणारी मुलं-मुली वाकडला खोल्या घेऊन राहतात आणि त्यांचे डबे कुणीतरी पोचवतं. अशा एकदोघींना गाठ. शंभर ग्रॅमची पाकिटं कर, डब्यासोबत शुक्रवारी जातील, शनिवार-रविवारच्या चहाला होतील. पाकिटामागे दहा रुपये तिचे. तिला पायपीट वेगळी नाही, तुला डिलिव्हरीचा खर्च नाही, आणि किती पाकिटं करायची ते गुरुवारीच कळतं, म्हणून माल उरत नाही. मार्च २०२० ला सगळं बंद झालं तेव्हा माझं दुकानांचं गिऱ्हाईक एका दिवसात गेलं. दुधाची पिशवी टाकणारा दादा आमच्या बिल्डिंगमध्ये येत होता, त्याच्या हाताने पाकिटं जायला लागली आणि त्यावरच पुढचे महिने निघाले. ज्याचा पाय रोज त्या दारात पडतोच, त्याच्यासोबत माल पाठवावा.

मैत्रिणीला आधी स्वतः जाऊन सांग. तू क्रीमचे केक करत नाहीयेस, तेव्हा तिच्या ताटातलं काही घेत नाहीस. उलट तुझ्याकडे केकची चौकशी आली की तिच्याकडे पाठव. तीही नानकटाईची ऑर्डर तुझ्याकडे वळवेल. त्यानंतर ग्रुपवर टाक, उजळ माथ्याने.

नणंदेचं. पहिल्याच ऑर्डरला भाव मोडलास तर सगळ्या नात्यात तोच भाव पसरतो. भाव सगळ्यांना एकच सांगायचा. वर पाव किलोचा एक डबा आपल्याकडून म्हणून दे, हातात, प्रेमाने. दोन किलोला एक डबा तुला परवडतो, मी मांडून बघितलंय. "घरचंच आहे" याचं उत्तर म्हणजे तो डबा. आणि हे पैसे मिस्टरांनी मागू नयेत, तूच माग. धंदा तुझ्या नावावर आहे.

दाराच्या पट्टीचं आधी बघ. दुरुस्तीवाल्याकडून घट्ट करून घे. आच बाहेर जात असेल तर वीजही जास्त लागणार आणि बिस्किटं एका बाजूला फिकी राहणार. महिन्याच्या युनिटवर लक्ष ठेव, ३०० च्या वर गेलं की पुढच्या युनिटांचा दर चढतो आणि आपला वीस रुपयांचा अंदाज चुकतो. ट्रे एकामागून एक लाव, मध्ये ओटीजी गार होऊ देऊ नकोस.

रेवती_वाकड | ५ डिसेंबर, रात्री ९.३०

डबेवाल्या काकू मिळाल्या! आमच्याच मागच्या गल्लीत राहतात, चाळीसच्या वर डबे जातात त्यांचे. आधी चव बघू म्हणाल्या, पाकीट दिलं, संध्याकाळी फोन आला. पुढच्या शुक्रवारसाठी पंधरा पाकिटं, नानकटाई आणि नाचणी निम्मी-निम्मी. मैत्रिणीशी बोलले, तिला उलट बरं वाटलं. ती म्हणाली, चहाबरोबरचं कोण देतं असं लोक तिलाच विचारत असतात. नणंदेला भाव सांगितला. क्षणभर गप्प झाल्या, मग "बरं, पाठव" म्हणाल्या.

एकच विचारायचंय. संक्रांतीसाठी तीळ-गुळाची बिस्किटं करावीत असं मनात आहे. थोडी करून बघितली, चव सुरेख आली, पण दुसऱ्या दिवशी चिवट झाली.

भोसरीची_माई | ६ डिसेंबर, सकाळी ११.००

छान झालं गं, फार बरं वाटलं वाचून.

बिस्किटं चिवट होतात ती गुळामुळे, गूळ हवेतली ओल ओढतो. चिकीचा गूळ अजिबात नको, आणि किसलेला ओला गूळही नको. कोरडी गूळ पावडर चाळून घे आणि निम्मी गूळ पावडर, निम्मी पिठीसाखर असं प्रमाण ठेव, चव गुळाचीच येते. तीळ आधी मंद आचेवर भाजून पूर्ण गार कर, गरम तीळ घातलेस तर तूप वितळतं. दुधाचा हात लावत असशील तर तो बंद कर, गोळा तुपावरच बांधला पाहिजे. थोडी पातळ लाट आणि १६० वर नेहमीपेक्षा तीन-चार मिनिटं जास्त ठेव, कडा गडद होऊ दे. एक छोटा घाणा करून डब्यात चार दिवस ठेव, रोज एक तोडून बघ. चौथ्या दिवशीही कडक मोडली तरच संक्रांतीच्या ऑर्डर घे, आणि त्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच बंद कर. १४ तारखेच्या आदल्या दोन दिवसांत सगळ्यांनाच हवं असतं आणि तुझ्याकडे २८ लिटरच आहेत. त्याहून जास्त मागणी आली तर भट्टीवाल्या भाऊंनी सांगितलंय तसं आधी थेरगावात विचारून ठेव.